मूक गाठ मुकी नसते



आरोग्य पानावर आपण रक्तदाब, साखर, सिकलसेल यांविषयी नेहमी बोलतो. या वेळचा विषय थोडा अनोळखी आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत कधी कधी अशी गाठ होते, जी रक्तात जादा हार्मोन सोडत नाही. डॉक्टर तिला ‘नॉन-फंक्शनिंग’, म्हणजे काम न करणारी गाठ म्हणतात. काही जण ‘सायलेंट’, म्हणजे मूक गाठ असेही म्हणतात.

हा विषय मुद्दाम निवडला आहे. महागाव तालुक्यातल्या आपल्या फुलसावंगीसारख्या गावात हा आजार झालेला माणूस आधी चष्म्याच्या दुकानात जातो. नंबर बदलून भागत नाही, तेव्हा मोतीबिंदूच्या शिबिराची वाट पाहतो. मग कुणीतरी ‘बाहेरचं आहे’ म्हणून देवऋषाचा पत्ता देतो. रुग्ण स्त्री असेल, तिची पाळी थांबली असेल आणि मूल होत नसेल, तर दोष तिच्याच माथी येतो. या सगळ्यात महिने, वर्षे जातात आणि गाठ वाढत राहते. ज्या आजारावर उपचार आहे त्यात माणसाची दृष्टी जावी, हे आपल्याला परवडणारे नाही.

ग्रंथी हरभऱ्याएवढी, कारभार शरीरभर

पिट्युटरी ग्रंथी नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळातल्या हाडाच्या खोलगट खोबणीत बसलेली असते. आकार टपोऱ्या हरभऱ्याएवढा, वजन साधारण अर्धा ग्रॅम. पण तिच्या हुकमावर थायरॉइड चालते, मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला असलेल्या अॅड्रिनल ग्रंथी चालतात, स्त्रियांचे बीजकोश आणि पुरुषांचे वृषण चालतात. मुलांची उंची वाढते आणि बाळंतिणीला दूध येते, तेही तिच्याच हार्मोनमुळे.

या ग्रंथीत गाठ झाली आणि ती एखादे हार्मोन भरमसाट बनवू लागली, तर शरीरावर ते दिसते. वाढीचे हार्मोन जास्त झाले तर हातपाय आणि जबडा मोठा होतो. कॉर्टिसॉल वाढवणारे हार्मोन जास्त झाले तर चेहरा गोल होतो आणि पोटावर जांभळे पट्टे उठतात. अशी गाठ स्वतःच ओरडून सांगते की मी इथे आहे.

पिट्युटरीच्या ज्या गाठी दवाखान्यात सापडतात, त्यांतल्या साधारण एक तृतीयांश मात्र असे काही सांगत नाहीत. रक्तात हार्मोन वाढलेले नसते, चेहरामोहरा बदलत नाही. गाठ मोठी होऊन आजूबाजूला दाबू लागते तेव्हाच तिचा पत्ता लागतो. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, दूर पसरत नाहीत. तरी जागाच इतकी अडचणीची आहे की नुसत्या दाबानेही मोठे नुकसान होते.

‘मूक’ शब्द आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. मूक म्हणजे ज्याला बोलायचे काही नाही असा नव्हे; ज्याचे बोलणे ऐकलेच गेले नाही तो मूक, हे त्या नावातून साऱ्या महाराष्ट्राला कळले. या गाठींविषयीही शास्त्रज्ञांना हेच आढळले. रक्त तपासले तर काही ऐकू येत नाही. गाठीच्या पेशीत कान लावला तर तिथे बरेच काही चाललेले असते.

कपाटातला कागद आणि हातातला हक्क

सिकलसेलच्या तपासणीमुळे ‘जनुक’ हा शब्द विदर्भात आपल्या घराघरांत पोचला आहे. सिकलसेलमध्ये एका जनुकातले एक अक्षर बदललेले असते आणि तो बदल आईवडिलांकडून येतो. मूक गाठीचे बहुधा तसे नसते. तिथे जनुके काय आहेत यापेक्षा कोणती जनुके चालू आहेत आणि कोणती बंद, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा पूर्ण संच असतो. प्रथिने बनवण्याची सूचना देणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. डोळ्याच्या पेशीतही तीच, यकृताच्या पेशीतही तीच. मग एक पेशी पाहण्याचे आणि दुसरी पचनाला मदत करण्याचे काम का करते? कारण प्रत्येक पेशी संचातल्या ठरावीकच सूचना वापरते.

ग्रामपंचायतीचे दप्तर डोळ्यांपुढे आणा. कपाटात सगळ्या योजनांचे कागद असतात. पण ज्या कागदाची नक्कल निघून टेबलावर येते, त्याचेच काम पुढे सरकते. पेशीतही जनुकाची आधी नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. त्या नकलेवरून प्रथिन तयार होते आणि प्रत्यक्ष काम बहुतेक वेळा प्रथिनेच करतात. या साऱ्या प्रवासाला जनुकाचे प्रकटीकरण म्हणतात. कागदावरचा हक्क आणि हातात आलेला हक्क यांतला फरक आपल्या समाजाला कुणी वेगळा शिकवायला नको. जनुकाचे असणे आणि जनुकाचे प्रकट होणे यांतही तेवढेच अंतर असते.

म्हणूनच गाठीचा अभ्यास करणारे लोक दोन गोष्टी मोजतात. कोणत्या जनुकाच्या किती नकला निघाल्या हे एक, आणि शेवटी कोणते प्रथिन किती बनले हे दुसरे. नक्कल निघाली म्हणजे काम झालेच, असे पेशीतही नसते.

तीन मुकादम

पिट्युटरीच्या पेशी लहान असतात तेव्हाच त्यांचे काम ठरते. ते ठरवणारी खास प्रथिने असतात. कोणत्या सूचनांची नक्कल काढायची हे ती सांगतात. त्यांना आपण मुकादम म्हणू. यांतले तीन महत्त्वाचे आहेत. ‘पिट-१’ हा मुकादम वाढीचे हार्मोन, दुधाचे हार्मोन आणि थायरॉइडला हुकूम देणारे हार्मोन बनवणाऱ्या पेशी घडवतो. ‘टी-पिट’ कॉर्टिसॉलवर ताबा ठेवणाऱ्या पेशी घडवतो. ‘एसएफ-१’ पाळी, बीज आणि शुक्राणू यांच्याशी संबंधित हार्मोनच्या पेशी घडवतो.

पूर्वी गाठीत हार्मोन सापडले नाही की तिला ‘नल सेल’, म्हणजे कोणत्याच कुळीची नसलेली गाठ म्हणत. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने गाठींच्या वर्गीकरणात या तीन प्रथिनांना स्थान दिले. त्यानंतर चित्र पालटले. गाठीचा तुकडा घेऊन त्यावर या प्रथिनांचा रंग चढवून पाहिला, तर बहुसंख्य मूक गाठी ‘एसएफ-१’च्या निघतात. म्हणजे त्या पाळी आणि बीजाच्या हार्मोनच्या पेशींपासून आलेल्या असतात. त्या हार्मोनचे तुकडे बनवतातही, पण इतके थोडे किंवा इतके अर्धवट की शरीरावर परिणाम दिसत नाही. खरोखर कोणत्याही कुळीची नसलेली गाठ विरळाच.

काही मूक गाठी ‘टी-पिट’च्या असतात. त्यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. कॉर्टिसॉल वाढवणारे हार्मोन थेट बनत नाही. आधी एक लांबलचक प्रथिन बनते आणि मग ते योग्य जागी कापून हार्मोन तयार होते. मूक ‘टी-पिट’ गाठींत ही कापणी करणारे एन्झाइम कमी प्रमाणात आढळले आहे. कापूस घरात आला, पण जिनिंगच बंद, अशी अवस्था. म्हणून रक्तात हार्मोन दिसत नाही. पण या गाठी शांत आहेत असे समजू नये. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वाढण्याची आणि आजूबाजूला शिरण्याची त्यांची प्रवृत्ती इतर मूक गाठींपेक्षा जास्त असते.

बंद पडलेले जनुक, वाढलेले प्रथिन

आता मुकादमांच्या पलीकडे जाऊ. निरोगी पिट्युटरीत ‘एमईजी-३’ नावाचे एक जनुक चालू असते. ते प्रथिन बनवत नाही. त्याची आरएनए नक्कलच पेशींच्या वाढीला आवर घालते. अमेरिकेतील बोस्टन येथील अॅन क्लिबान्स्की यांच्या गटाने २००३ साली दाखवले की हार्मोन न सोडणाऱ्या गाठींत या जनुकाचा आवाज जवळजवळ बंद असतो. हार्मोन सोडणाऱ्या गाठींत तो सहसा टिकून असतो. पुढे असे दिसले की जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल नावाचे रासायनिक कण चिकटून बसलेले असतात. कागद शाबूत आहे, पण कपाटाला कुलूप आहे.

तेव्हा अटलांटा येथील एमरी विद्यापीठात असलेले, जन्माने नायजेरियन मेंदूशल्यचिकित्सक नेल्सन ओयेसिकू आणि मेम्फिसचे डॉमिनिक डेसिडेरिओ यांच्या गटांनी २००५ साली मूक गाठी आणि निरोगी ग्रंथी शेजारी शेजारी ठेवून जनुके आणि प्रथिने दोन्ही तपासली. ‘नॉच’ आणि ‘विंट’ या नावाच्या, पेशींना वाढीचा निरोप देणाऱ्या यंत्रणा या गाठींत बिघडलेल्या आढळल्या. त्याआधी ओयेसिकूंच्याच गटाला आणखी एक गोष्ट सापडली होती. फोलेट, म्हणजे गरोदर बायकांना ज्याच्या गोळ्या देतात ते जीवनसत्त्व, पेशीत ओढून घेणारे एक प्रथिन या गाठींत फार वाढलेले असते.

या शोधाचा उपयोग शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील शल्यचिकित्सकांनी फोलेटला जोडलेला एक चमकणारा रंग रुग्णाला देऊन पाहिला. तो रंग या प्रथिनाला चिकटतो आणि खास कॅमेऱ्यात गाठ उजळून दिसते. निरोगी ग्रंथी कुठे संपते आणि गाठ कुठे सुरू होते, हे शल्यचिकित्सकाला त्यामुळे कळू शकते. आपल्याकडच्या रुग्णालयांत ही अजून रोजची पद्धत नाही. पण प्रयोगशाळेतले मोजमाप रुग्णाच्या कामी कसे येते, याचा हा चांगला दाखला आहे.

आपल्या महाराष्ट्रातही ही विद्या आहे. परळच्या केईएम रुग्णालयाचा अंतःस्रावी विभाग पिट्युटरीच्या आजारांसाठी देशभर ओळखला जातो. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक संजीव श्रीवास्तव यांची प्रयोगशाळा मेंदूच्या गाठींतल्या प्रथिनांचा अभ्यास करते. असा अभ्यास रुग्णांनी दिलेल्या गाठीच्या तुकड्यांवरच होतो. अमेरिकेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या गेल्या. म्हणून संमतीपत्र पुढे आले तर ते आपल्या भाषेत समजून घ्यावे, प्रश्न विचारावेत आणि मगच सही करावी. संशोधनाला मदत करणे चांगलेच आहे, पण ते आपल्या मर्जीने.

रुग्णाने अहवालात काय पाहावे

गाठ काढल्यावर तिचा तुकडा पॅथॉलॉजी विभागात जातो. तो अहवाल घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नये. त्यात पुढील गोष्टी आहेत का, हे डॉक्टरांना विचारावे.

गाठ कोणत्या मुकादमाची आहे : पिट-१, टी-पिट की एसएफ-१?

‘केआय-६७’ किती टक्के आहे? हे प्रथिन विभागणाऱ्या पेशींत असते. ते ३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर डॉक्टर सहसा अधिक लक्ष ठेवतात.

गाठ पूर्ण निघाली की काही भाग राहिला?

ही उत्तरे पुढची तपासणी ठरवतात. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिन्यांनी आणि मग बहुधा दरवर्षी एमआरआय करतात. गाठ टी-पिटची असेल तर एमआरआय चुकवणे फार महागात पडते. काही मूक गाठींवर डोपामाइनचे ग्राहक प्रथिन असते, म्हणून उरलेल्या गाठीसाठी कॅबरगोलिन ही गोळी कधी दिली जाते. ती सगळ्यांना लागू पडत नाही, निर्णय डॉक्टरांचाच.

तेव्हा ही सोय नसेल तर मेणात जपलेला तुकडा मागून घेऊन नंतर दुसरीकडेही ही तपासणी करता येते. अहवालात ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ असे नाव दिसले तर घाबरू नये. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने या सगळ्याच गाठींना ते नाव दिले आहे. नाव बदलले म्हणून गाठ कर्करोगाची झाली असा अर्थ होत नाही.

गावात ओळखायचे कसे?

ग्रंथीच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. गाठ वर सरकली की त्या नसा दाबल्या जातात आणि दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू अंधारते. समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. माणूस दाराच्या चौकटीला धडकतो, बाजूने आलेली मोटारसायकल त्याला दिसत नाही. तक्त्यावरची अक्षरे मात्र तो वाचतो, म्हणून चष्म्याच्या दुकानात दोष सापडत नाही.

घरी एक सोपी चाचणी करता येते. दोघांनी हातभर अंतरावर समोरासमोर बसावे. रुग्णाने एक डोळा झाकून समोरच्याच्या नाकाकडे पाहावे. समोरच्याने बोट हलवत कानाच्या बाजूकडून मध्ये आणावे. बोट तुम्हाला दिसू लागले आणि रुग्णाला दिसले नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ‘बाजूचे दिसत नाही’ अशा स्पष्ट शब्दांत सांगावे. काचबिंदूतही असे होते, म्हणून तपासणी हवीच.

दुसरी खूण हार्मोन कमी पडण्याची. सततचा थकवा, थंडी सहन न होणे, रक्तदाब कमी राहणे, पुरुषांत इच्छा आणि दाढी कमी होणे, स्त्रियांत पाळी थांबणे. मूल होत नाही म्हणून सुनेला दोष देण्याआधी दोघांच्याही तपासण्या कराव्यात. पिट्युटरीची गाठ पुरुषालाही होते.

अचानक असह्य डोके दुखले, उलट्या झाल्या, एकाचे दोन दिसू लागले किंवा पापणी पडली, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा.

जायचे कुठे?

आपल्याकडून पुसद किंवा उमरखेडच्या सरकारी दवाखान्यात सुरुवात करता येते. पुढे यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नांदेडचे शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मेंदूची शस्त्रक्रिया आणि हार्मोनचे तज्ज्ञ नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात आहेत. दीक्षाभूमीमुळे नागपूरचा रस्ता आपल्याला पाठच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत घ्यावे आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, ते आधीच विचारावे.

डोक्याची शस्त्रक्रिया म्हटले की घर हादरते. विनयपिटकाच्या महावग्गात जीवक वैद्याने राजगृहाच्या श्रेष्ठीच्या डोक्यावर शस्त्रक्रिया केल्याची कथा आहे. आज पिट्युटरीसाठी बहुतेक वेळा कवटी उघडावी लागत नाही. नाकातून दुर्बीण घालून गाठ काढतात.

शस्त्रक्रियेनंतर कॉर्टिसॉलची गोळी दिली असेल, तर ‘स्टेरॉइड आहे’ म्हणून ती मनाने बंद करू नये. ती शरीराला जे बनवता येत नाही त्याची भरपाई असते. एकदम बंद केली तर जीवावर बेतू शकते. ताप किंवा उलट्या झाल्या तर डोस किती वाढवायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसॉल सुरू करतात, मग थायरॉइडची गोळी. घरात कुणाची थायरॉइडची गोळी आहे म्हणून तीच रुग्णाला देणे धोक्याचे आहे.

हा आजार कुणाच्या कर्माचा नाही

अशा गाठी बहुधा घराण्यातून येत नाहीत. ‘मेन-१’ किंवा ‘एआयपी’ जनुकांतल्या बदलामुळे एकाच कुटुंबात गाठी होतात, पण असे थोड्याच घरांत. तेव्हा रुग्णाच्या बहिणीचे किंवा मुलीचे लग्न अडेल म्हणून आजार लपवण्याला कारण नाही. गाठ एका पेशीत सुरू झालेल्या बिघाडातून वाढते. तो मागल्या जन्माच्या पापातून येत नाही, शेजारणीच्या नजरेतूनही येत नाही. करणी-भानामतीच्या नावाने पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे, त्याचा आधार घ्यावा.

तथागतांनी प्रत्येक गोष्टीमागे कारण शोधायला शिकवले. कारण असेल तर ते दूरही करता येते, हा त्या शिकवणीतला दिलासा आहे. मूक गाठीच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी तेच केले. रक्तात उत्तर मिळाले नाही म्हणून त्यांनी पेशीचे दप्तर उघडले. आपण एवढे तर करू शकतो : विहारात रविवारी जमाल तेव्हा बोटाची चाचणी एकमेकांवर करून पाहा. आशाताईंना हा लेख वाचून दाखवा. आणि ‘बाजूचे दिसत नाही’ असे कुणी म्हणाले, तर त्याला एकटे पाठवू नका. सोबत जा.

पोटाच्या दुखण्याने एकट्या पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्वच्छ केले, ही कथा आपण जाणतो. आजारी माणसाची सोबत करणे हा आपल्या धम्माचाच भाग आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!